एकाच घरातले दोन गट: भायखळा, उमरखाडी आणि उंडेरा

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र सुरू झालं की दोन टी-चाचण्या लागोपाठ येतात. एक स्वतंत्र नमुन्यांची, दुसरी संबंधित नमुन्यांची. सूत्रं फळ्यावर उतरतात, एसपीएसएसमध्ये कुठल्या मेनूत जायचं ते दाखवलं जातं, आणि 'पेट'ची किंवा नेट-सेटची तयारी करणारे सगळे एक ओळ पाठ करतात: तीच माणसं दोनदा मोजली तर पेअर्ड, वेगवेगळी माणसं असली तर इंडिपेंडंट.

ओळ खोटी नाही, पण अर्धीच आहे. माणसं पूर्णपणे वेगवेगळी असूनही नमुने संबंधित असू शकतात. आणि दोन्ही स्तंभांत तीस-तीस आकडे शेजारी-शेजारी बसले म्हणून ते आपोआप संबंधित होत नाहीत. नमुने संबंधित की स्वतंत्र हे आकड्यांकडे बघून कळतच नाही. ते आकडे जमवले कसे, यात ते ठरतं. हे समजून घ्यायला परदेशी पाठ्यपुस्तकातली उंदरांची उदाहरणं हवीतच असं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या प्लेगात एकाच लशीची परीक्षा वेगवेगळ्या तऱ्हेनं झाली होती, आणि त्यात हा सगळा धडा आहे. तेव्हा टी-चाचणी जन्मलीसुद्धा नव्हती.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना ताप आणि गाठी आलेले रोगी दिसले, आणि हा प्लेग आहे असं त्यांनी सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबई निम्मी रिकामी झाल्यासारखी झाली. लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलोय: घरझडती, विलगीकरणाच्या छावण्या, २२ जून १८९७ ला रँडवर झालेला हल्ला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या काळात गाठ आली म्हणजे काय, हे आज कल्पनेनं समजून घ्यावं लागतं.

याच मुंबईत वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ आला. जन्म ओडेसाचा, ज्यू घरातला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. १८९३ पासून तो भारतात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होता. प्लेग आल्यावर त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजात एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला नाव मिळालं ते याचंच.

स्वतःला टोचल्यावर काय कळलं? लस टोचल्याने माणूस मरत नाही, एवढंच. ती प्लेगपासून वाचवते का, हे एका माणसावरून कळणं शक्य नाही. त्याला तुलना लागते. टोचलेले आणि न टोचलेले. इथून आपला विषय सुरू होतो.

पहिली मोठी तुलना भायखळ्याच्या तुरुंगात झाली. जानेवारी १८९७ च्या अखेरीस तुरुंगात प्लेग शिरला होता. हाफकिनने कैद्यांना विचारलं, कोण टोचून घेतं? १५४ जण पुढे आले, १७७ जण आले नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत कैद्यांची रोजची सरासरी संख्या धरून हिशोब मांडला गेला: न टोचलेल्या १७२ जणांत १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांत २ जणांना झाला, एकही दगावला नाही.

म्हणजे सुमारे ७ टक्के विरुद्ध १.४ टक्के. आज आपण दोन प्रमाणांची झेड-चाचणी लावू. मी कागदावर करून पाहिलं, झेड २.४४ च्या आसपास येतं. १.९६ च्या वर आहे, म्हणजे ०.०५ स्तरावर सार्थक. (रोजची सरासरी हा छेद म्हणून घेणं जरा कच्चंच आहे, तेव्हा दुसऱ्या दशांशावर फार जीव टाकू नका.) हाफकिनकडे हे काहीच नव्हतं. कार्ल पिअर्सनची काय-वर्ग चाचणीसुद्धा १९०० सालची. त्याच्याकडे होते फक्त मोजलेले कैदी.

हे नमुने स्वतंत्र. एका गटातल्या कुठल्याही कैद्याची दुसऱ्या गटातल्या कोणा एकाशी जोडी नाही. इथपर्यंत पाठ्यपुस्तक. पण 'स्वतंत्र' या शब्दाने आपली फसगत होते ती इथे. आपल्याला वाटतं स्वतंत्र म्हणजे निःपक्ष, म्हणजे दोन्ही गट सारखेच. तसं काही नाही. भायखळ्यात पुढे कोण आलं? जे पुढे यायला तयार होते ते. धडधाकट असतील, जास्त घाबरलेले असतील, साहेबाच्या मर्जीत राहू पाहणारे असतील. तुरुंगात 'स्वेच्छा' या शब्दाला किती वजन द्यायचं, हाही प्रश्न आहेच. टोचून घेण्याआधीच दोन गट एकमेकांपासून वेगळे झाले असतील, तर नंतरचा फरक लशीचा की माणसांचा, हे चाचणी सांगत नाही. झेड २.४४ येवो की ४.४४.

पुढच्या वर्षी, १८९८ च्या जानेवारीत, उमरखाडीच्या तुरुंगात हे जरा सुधारलं. साधारण निम्म्या कैद्यांना टोचलं, उरलेल्यांना तुलनेसाठी तसंच ठेवलं. दोन्ही गट एकाच आवारात, एकाच अन्नावर, एकाच कामाच्या वेळांवर. न टोचलेल्यांत १० जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत ३ जणांना झाला, कोणी मेलं नाही. नमुने अजूनही स्वतंत्रच, पण परिस्थिती सारखी ठेवण्याची धडपड दिसते.

आणि मग उंडेरा.

उंडेरा हे बडोद्याजवळचं गाव, तेव्हा सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात. फेब्रुवारी १८९८ मध्ये गावात प्लेग होता. तुरुंग नव्हता, घरं होती. इथे हाफकिनने गावाचे दोन भाग केले नाहीत. त्याने प्रत्येक घराचे दोन भाग केले. घरातल्या निम्म्या माणसांना लस, निम्म्यांना नाही. भाऊ टोचलेला, बहीण नाही. सासू टोचलेली, सून नाही. (ही नाती मी समजावण्यासाठी घेतोय, कोणत्या घरात नेमकं कोण कोणत्या बाजूला गेलं, ते वेगळं.)

नंतर मोजणी झाली तेव्हा २८ कुटुंबांत प्लेग शिरलेला आढळला. या २८ घरांत न टोचलेली ६४ माणसं होती. त्यातल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेली. टोचलेली ७१ होती. ८ जणांना झाला, ३ मेली.

६४ पैकी २६, म्हणजे शंभरात चाळीसपेक्षा जास्त. ७१ पैकी ३, म्हणजे शंभरात चार. आणि ही सगळी माणसं एकाच छपराखालची.

आता सांगा, हे नमुने संबंधित की स्वतंत्र? माणसं तर वेगवेगळी आहेत. कोणालाही दोनदा मोजलेलं नाही. पाठ केलेली ओळ म्हणते इंडिपेंडंट. पण टोचलेला भाऊ आणि न टोचलेली बहीण यांच्यात एक दुवा आहे: घर. तीच ओसरी, तेच धान्य, तीच गरिबी, तेच उंदीर. हा दुवा मोजणी झाल्यावर कोणी शोधून काढला नाही. मोजणी सुरू व्हायच्या आधीच योजनेत बसवला. म्हणून हे संबंधित नमुने. तीच माणसं दोनदा मोजणं हा संबंधित नमुन्यांचा फक्त एक प्रकार आहे. जुळी मुलं, नवरा-बायको, एकाच वर्गातली दोन पोरं, एकाच शेतातले शेजारचे दोन वाफे, आणि एकाच घरातले दोन गट, हे सगळे त्याच कुळातले.

उंदरांचा उल्लेख मी मुद्दाम केला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत प्रयोग करून दाखवलं ते जून १८९८ मध्ये. म्हणजे उंडेऱ्यानंतर चार महिन्यांनी. आणि तेव्हाही बहुतेकांनी ते मानलं नाही. मान्य व्हायला पुढची काही वर्षं गेली. उंडेऱ्यात लस टोचताना पिसवांचा हिशोब कोणाच्याच डोक्यात नव्हता. तरीसुद्धा तो हिशोब झाला. कारण ज्या घरात पिसवा जास्त, त्या घरातले टोचलेले आणि न टोचलेले, दोघांनाही त्या सारख्याच चावणार. घरातल्या घरात तुलना केली की घराघरांतला फरक आपोआप वजा होतो: माहीत असलेला आणि माहीत नसलेलासुद्धा.

संबंधित नमुन्यांच्या टी-सूत्रात आपण आधी फरक काढतो, मग फरकांची सरासरी, मग फरकांचं प्रमाण विचलन. ते 'आधी फरक' म्हणजे हेच वजा करणं. उंडेऱ्यात प्रत्येक घरामागे एक आकडा काढायचा: न टोचलेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण वजा टोचलेल्यांतलं. २८ घरं, २८ आकडे. आता तुमच्याकडे दोन स्तंभ राहिलेच नाहीत, एकच उरला. पेअर्ड चाचणी म्हणजे मुळात एकाच नमुन्याची चाचणी, ती फरकांवर चालते. आणि नमुन्याचा आकार १३५ नाही, २८. व्हायव्हात हे विचारलं की बरेच जण अडखळतात. एकाच घरातली पाच माणसं म्हणजे पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, हे एकदा पक्कं बसलं की विसरायचं नाही.

घरामागे दोनच माणसं असती, एक टोचलेला आणि एक न टोचलेला, आणि निकाल फक्त जगला-मेला असता, तर त्यासाठी मॅकनेमारची चाचणी आहे. क्विन मॅकनेमार या मानसशास्त्रज्ञाने ती १९४७ मध्ये मांडली. तिच्यात ज्या जोड्यांत दोघांचं सारखंच झालं, त्या हिशोबात येतच नाहीत. फक्त फरक पडलेल्या जोड्या मोजल्या जातात. उंडेऱ्यात ज्या घरांत प्लेग शिरलाच नाही ती घरं मोजणीतून गळली, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे. त्या घरांकडे लशीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता एक अडचण सांगतो, जी मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वाटते. उंडेऱ्याचे आकडे पुस्तकांतून फिरतात ते मी वर दिले त्याच रूपात: ६४ पैकी २६, ७१ पैकी ३. हे बेरजेचे आकडे आहेत. यात घर नाही. नुसत्या या चार आकड्यांवरून तुम्ही संबंधित नमुन्यांची चाचणी करूच शकत नाही, कारण कोणत्या घरातले किती गेले ते त्यात नाही. जोडी इतक्या मेहनतीनं बांधली आणि बेरीज करताना सोडून दिली. प्रयोग संबंधित नमुन्यांचा, पण हातात आलेला तक्ता स्वतंत्र नमुन्यांसारखा. आणि ही सुटलेली गाठ कुठल्याही सॉफ्टवेअरने परत बांधता येत नाही.

गाठ सुटली की नुकसान किती होतं, हे बघायला दुसरं उदाहरण घेऊ. हे प्रसिद्ध आहे आणि आकडे पूर्ण उपलब्ध आहेत.

डब्लिनच्या गिनेस दारू कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ बार्ली आणि हॉप्सच्या छोट्या-छोट्या नमुन्यांशी झगडत होता. कंपनी नावाने लिहू देत नव्हती म्हणून त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिलं. १९०८ मध्ये बायोमेट्रिका नियतकालिकात त्याचा निबंध आला, ज्यातून पुढे टी-चाचणी उभी राहिली. त्यात त्याने पहिलं उदाहरण घेतलं ते झोपेच्या औषधांचं. कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये छापलेला अभ्यास, अमेरिकेतल्या मनोरुग्णालयातले १० रुग्ण, प्रत्येकाला दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेळी दिलेली, आणि प्रत्येक औषधाने किती तास झोप वाढली त्याची नोंद.

पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. फरक १.५८ तासांचा. आता हेच आकडे दोन तऱ्हेने तपासा.

रुग्णागणिक जोडी धरली तर दहा फरक मिळतात: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. प्रमाण विचलन १.२३. टी येतो ४.०६, स्वाधीनता मात्रा ९, तक्त्यातली किंमत २.२६२. फरक ठामपणे सार्थक. स्टुडंटने स्वतःच्या पद्धतीनं काढलं तेव्हा दुसरं औषध सरस असण्याची शक्यता ६६६ विरुद्ध १ अशी आली.

जोडी तोडली, म्हणजे दहा रुग्णांना एक औषध आणि दुसऱ्याच दहा रुग्णांना दुसरं दिलं असं मानलं, तर टी येतो १.८६, स्वाधीनता मात्रा १८, तक्त्यातली किंमत २.१०१. सार्थक नाही!

आकडे तेच. सरासऱ्या त्याच, फरक तोच १.५८. निष्कर्ष उलटा. का? कारण काही रुग्णांना कुठलंही औषध दिलं तरी झोप चांगली लागते आणि काहींना कुठलंही दिलं तरी लागत नाही. दोन स्तंभांतला सहसंबंध ०.८ च्या जवळ आहे. स्वतंत्र चाचणीत रुग्णारुग्णांतला हा प्रचंड फरक छेदात जाऊन बसतो आणि औषधाचा फरक त्याखाली दबतो. पेअर्डमध्ये तो वजा होतो, उंडेऱ्यातल्या उंदरांसारखा. रोनाल्ड फिशरने १९२५ च्या आपल्या पुस्तकात हेच आकडे घेऊन दोन्ही हिशोब शेजारी-शेजारी मांडले, ते बहुधा हे दाखवायलाच. तुमच्याकडे 'आर' असेल तर हा डेटा त्यात आधीपासून आहे, स्लीप या नावाने. कोणाचं ऐकू नका, स्वतः दोन्ही चाचण्या चालवा.

(गमतीची गोष्ट: स्टुडंटने आपल्या निबंधात औषधांची नावंच चुकीची लिहिली, आणि ती पुढे पुस्तकांतून तशीच फिरत राहिली. आकडे बरोबर, लेबल चूक. संदर्भ मुळातून तपासा असं गाइड का सांगतात, ते यावरून कळावं.)

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे पेअर्ड नेहमी चांगली, टी मोठा येतो. नाही. डार्विनचा मका बघा.

डार्विनने मक्याच्या १५ जोड्या लावल्या: प्रत्येक जोडीत एक रोप परपरागणाचं, एक स्वपरागणाचं, शेजारी-शेजारी, एकाच कुंडीत. हे १८७६ च्या त्याच्या पुस्तकात आहे. आकडे त्याने आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टनकडे पाठवले. गाल्टनने काय केलं? दोन्ही स्तंभ वेगवेगळे उंचीनुसार लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि मग ओळीने तुलना केली. म्हणजे जोड्या मोडल्या आणि नव्याच जोड्या तयार झाल्या. एक्सेलमध्ये एकच स्तंभ निवडून सॉर्ट केल्यावर जे होतं, तेच, फक्त हाताने. फिशरने १९३५ मध्ये हा दोष दाखवला आणि मूळ जोड्यांवर हिशोब केला: टी २.१४८, तक्त्यातली किंमत २.१४५. केसाएवढ्या फरकानं सार्थक.

आता जोड्या तोडून स्वतंत्र चाचणी केली तर टी २.४४ येतो आणि तक्त्यातली किंमत २.०४८. म्हणजे इथे स्वतंत्र चाचणीनं निकाल जास्त भक्कम दिसतो! कारण या जोड्यांत सहसंबंध उलटा निघाला, साधारण उणे ०.३३. एक रोप उंच झालं तर शेजारचं बुटकं राहिलं. एकाच कुंडीत दोघांची पाण्या-मातीसाठी मारामारी झाली असेल, किंवा तो निव्वळ योगायोग असेल. कारण काहीही असो, डार्विनने जोडीने लावलं होतं, तर हिशोब जोडीनेच करायचा. कुठल्या चाचणीत टी मोठा येतो ते बघून चाचणी निवडायची नसते. जोडी लावायची की नाही हे रोप लावताना ठरतं, पी-मूल्य आल्यावर नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. आमच्या खापरखेड्यात औष्णिक वीजकेंद्र आहे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, राखेचा विषय घराघरात निघतो. समजा तुम्हाला राखेचा श्वसनावर काय परिणाम होतो ते बघायचंय. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं साधं यंत्र मिळतं, ते घेतलं. कोणाशी तुलना करणार?

राखेच्या तळ्याजवळच्या गावातली ६० माणसं आणि तिकडे काटोलकडच्या एखाद्या गावातली ६० माणसं घेतली तर नमुने स्वतंत्र. सोपं आहे, पण काटोलकडे संत्र्याच्या बागा, कामं वेगळी, चुलीचं जळण वेगळं, विड्यांचं प्रमाण वेगळं. भायखळ्याचीच अडचण. दुसरा मार्ग म्हणजे तीच ६० माणसं उन्हाळ्यात, राख उडते तेव्हा, आणि पुन्हा पावसाळ्यात, ती बसलेली असते तेव्हा मोजायची. संबंधित, स्लीपसारखं. पण ऋतूबरोबर राखच काय, सर्दी-खोकलासुद्धा बदलतो, शेतातली कामं बदलतात. म्हणजे माणूस तोच असला तरी काळ तोच नाही. तिसरा मार्ग उंडेऱ्याचा: प्रत्येक घरातून दोघं, एक राखेच्या किंवा कोळशाच्या कामावर जाणारा आणि एक न जाणारा, शक्यतो सख्खे भाऊ. चूल तीच, घर तेच, लहानपण तेच. मला हा तिसरा आवडतो, जरी असे भाऊ शोधायला गावोगाव फिरावं लागेल आणि नमुना साठाचा न होता पंचवीस जोड्यांवर थांबेल. झोपेच्या उदाहरणात दहाच रुग्ण पुरले होते.

यात गणिताइतकीच वहीची शिस्त लागते. माझ्या ओळखीतल्या एका संशोधक मैत्रिणीने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतली. गोपनीयता राखायची म्हणून फॉर्मवर नाव, क्रमांक काहीच नाही. शिक्षक तेच चाळीस, आधीही तेच, नंतरही तेच, पण कुठला 'आधी' कुठल्या 'नंतर'चा, हे कळायला मार्ग नाही. पेअर्ड करता येईना कारण जोड्या नाहीत. इंडिपेंडंट करणं चूक, कारण माणसं तीच. तिने शेवटी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या तुकडीवर नव्याने सगळं केलं, आणि या वेळी प्रत्येकाला फॉर्मवर स्वतःचा संकेत लिहायला सांगितला: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस आणि घरातल्या भावंडांची संख्या. नाव कळत नाही, जोडी मात्र जुळते. उंडेऱ्यासारखं काम करायचं असेल तर घराचा क्रमांक हा वेगळा स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा आणि सॉर्ट करताना पूर्ण तक्ता एकत्र निवडा.

मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी १९१५ मध्ये टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या टोचणीचे आकडे कसे वाचावेत यावर मोठा निबंध लिहिला. त्यांच्या अटी साध्या होत्या: दोन्ही गट महत्त्वाच्या सगळ्या बाबतींत सारखे असावेत, दोघांनाही रोगाचा धोका सारखाच असावा, आणि कोणाला टोचलेलं धरायचं नि कोणाला आजारी, हे एकमेकांवर अवलंबून नसावं. या अटी हातात घेऊन भायखळा, उमरखाडी आणि उंडेरा तपासून बघा. सराव म्हणून यापेक्षा चांगला प्रश्न मला सुचत नाही. भायखळा पहिल्या अटीत अडकतो. उंडेरा पहिल्या दोन बऱ्याच प्रमाणात पार करतो.

आणि तरीही उंडेऱ्यासारखा अभ्यास आज तुम्ही एथिक्स कमिटीपुढे नेलात, तर बहुधा नामंजूर होईल. गावात प्लेग असताना, लस हातात असताना, एकाच घरातल्या निम्म्यांना ती द्यायची नाही. हाफकिनच्या बाजूने म्हणायचं तर लस खरंच चालते का, हे तेव्हा पक्कं नव्हतं. तेच तर बघायचं होतं, आणि त्या आकड्यांचा पुढे लाखो लोकांना टोचताना उपयोग झाला. विरुद्ध बाजूने म्हणायचं तर भायखळ्याचे आणि उमरखाडीचे आकडे तोवर त्याच्या हातात होते. माझं मन दुसऱ्या बाजूला झुकतं, पण त्या काळच्या डॉक्टरांवर आजच्या नियमाने निकाल द्यायला मी कचरतो. एवढं मात्र खरं की संबंधित नमुन्यांची ताकद ज्या गोष्टीतून येते, त्याच गोष्टीतून त्यांची किंमतही येते: तुलनेचा दुसरा माणूस त्याच घरातला असतो, आणि काय होतंय ते तो बघत असतो.

पुढच्या भागात नमुना-आकार: २८ घरं पुरेशी का होती, आणि तुमच्या प्रबंधात किती जोड्या लागतील.